प्राइम की झूम: लेन्स निवडताना आधी उभे राहण्याची जागा पाहा

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स काही काळ वापरून झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील बहुतेक हौशी आणि नव्याने व्यवसायात उतरलेल्या छायाचित्रकारांपुढे एकच प्रश्न येऊन ठेपतो: पुढची लेन्स प्राइम घ्यावी की झूम? दुकानात विचारले तर ठरलेले उत्तर मिळते. प्राइमचा फोटो अधिक रेखीव येतो, झूम अधिक सोयीची असते, आणि बाकी तुमचे बजेट. या उत्तरात खोटे काही नसले तरी त्यावरून निर्णय करता येत नाही, कारण तुम्ही काय टिपणार आहात, कोठे उभे राहून टिपणार आहात आणि त्या वेळी तेथे उजेड किती असणार आहे, याचा त्यात विचारच नसतो. माझ्या मते निवड ठरते ती याच गोष्टींवरून. उभे राहण्याची जागा बदलणे तुमच्या हातात असेल तर प्राइम फारशी अडवत नाही. ती हातात नसेल तर झूमला पर्याय सापडणे कठीण जाते. आणि उजेड कमी असेल तर हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

मूळ फरक

प्राइम लेन्सची फोकल लेंग्थ, म्हणजे दृश्याचा किती भाग चौकटीत येईल हे ठरवणारा मिलिमीटरमधला आकडा, एकच असते. ५० मिलिमीटरची प्राइम नेहमी ५० मिलिमीटरच राहते, आणि चौकटीत कमी-अधिक घ्यायचे असेल तर छायाचित्रकारालाच पुढे-मागे व्हावे लागते. झूम लेन्सची फोकल लेंग्थ लेन्सवरचे गोल कडे फिरवून बदलता येते: १८ ते ५५, २४ ते ७०, ७० ते २०० अशी. हे साधण्यासाठी झूममध्ये भिंगांचे गट एकमेकांपासून जवळ-दूर सरकवावे लागतात, आणि प्रत्येक ठिकाणी प्रतिमेतील दोष आवरून धरण्यासाठी भिंगांची संख्या वाढवावी लागते. कॅननच्या ईएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम या प्राइममध्ये सहा भिंगे आहेत आणि तिचे वजन १६० ग्रॅम आहे. त्याच कंपनीच्या २४-७० मिलिमीटर एफ/२.८ झूमच्या दुसऱ्या आवृत्तीत अठरा भिंगे आहेत आणि वजन ८०५ ग्रॅम आहे, तर ७०-२०० मिलिमीटर एफ/२.८ ची तिसरी आवृत्ती तेवीस भिंगांची आणि जवळजवळ दीड किलोची आहे. झूम एकाच वेळी मोठ्या ॲपर्चरची (प्रकाश आत येण्याचे छिद्र मोठे असलेली), हलकी आणि स्वस्त का मिळत नाही, याचे कारण या आकड्यांतच आहे. सिग्माने २०१३ मध्ये १८-३५ मिलिमीटरची एफ/१.८ झूम बाजारात आणली, पण तिचाही पल्ला दुपटीच्या आतच राहिला आणि वजन ८०० ग्रॅमच्या पुढे गेले.

ॲपर्चरचा ‘एफ/’ नंतरचा आकडा जितका लहान तितके प्रकाश आत येण्याचे छिद्र मोठे, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण फरक किती मोठा पडतो याची कल्पना नसते. १८-५५ ची साधी किट लेन्स ५५ मिलिमीटरच्या टोकाला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. एफ/१.८ ची प्राइम त्याच उजेडात सेन्सरवर सुमारे दहापट प्रकाश पोहोचवते. म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) तेवढाच ठेवून किट लेन्सवर जेथे शटर स्पीड (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) १/२० सेकंदावर येऊन अडतो, तेथे प्राइमवर तो १/२०० सेकंदापर्यंत नेता येतो. १/२० वर हळद लावणाऱ्या करवलीचा हात पुसट होतो, १/२०० वर तो थांबलेला दिसतो.

सेन्सरचा हिशेब आधी करा

लेन्स निवडताना सर्वांत जास्त नुकसान होते ते सेन्सरच्या आकाराकडे दुर्लक्ष केल्यामुळे. आपल्याकडे हौशी लोकांच्या हातात असलेले बहुतेक कॅमेरे क्रॉप सेन्सरचे, म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान सेन्सरचे असतात. निकॉन आणि सोनीच्या अशा कॅमेऱ्यांत फोकल लेंग्थ दीडपटीने आणि कॅननच्या कॅमेऱ्यांत १.६ पटीने धरावी लागते. त्यामुळे ‘पहिली प्राइम ५० ची घ्या’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला ऐकून घेतलेली लेन्स प्रत्यक्षात फुल फ्रेमवरच्या ७५ किंवा ८० मिलिमीटरइतकाच कोन दाखवते. मूळ सल्ला ज्या काळात रूढ झाला, त्या काळात ५० मिलिमीटरची लेन्स ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यावर लावली जात असे. तेथे ती ना रुंद ना लांब अशी मधली लेन्स होती. क्रॉप सेन्सरवर ती चेहऱ्यांची लेन्स होते.

बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातील एखाद्या यंत्रमागाच्या खोलीत जाऊन पाहिले तर याचा अर्थ नेमका कळतो. खोलीचा बहुतेक भाग मागानेच व्यापलेला असतो. मागाची एक बाजू भिंतीला जवळजवळ टेकलेली असते, उजेड एका खिडकीतून तिरका येतो, आणि विणणारी मावशी धाग्यावर नजर ठेवून मागाच्या पुढे उभी असते. ‘मावशी, तुमचं काम चालू द्या, मी इथं कडेला थांबतो,’ असे म्हणून तुम्ही भिंतीला पाठ लावली, तरी तुमच्यात आणि तिच्यात फार तर तीन मीटर अंतर राहते. दीडपट क्रॉपच्या सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स तीन मीटरवर जेमतेम १.४ मीटर रुंदीचा भाग टिपते. कॅमेरा उभा धरला तरी उंची तेवढीच मिळते, म्हणजे उभी बाई डोक्यापासून पायापर्यंत चौकटीत मावत नाही, मग माग मावणे दूरच. ३५ मिलिमीटरची लेन्स त्याच जागेवरून दोन मीटरचा पट्टा घेते, ज्यात बाई, तिचे हात आणि मागाचा पुढचा भाग एकत्र येतो. किट लेन्सच्या १८ मिलिमीटरवर हा पट्टा जवळजवळ चार मीटर होतो आणि सारी खोली येते, पण त्या अंधाऱ्या खोलीत एफ/३.५ वर धोट्याची धावती हालचाल पकडायची तर आयएसओ बराच चढवावा लागतो.

म्हणून क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी पहिली प्राइम ३५ मिलिमीटरच्या आसपासची असावी, असे मी आग्रहाने सांगेन. निकॉनची डीएक्स ३५ मिलिमीटर एफ/१.८ ही २०० ग्रॅमची लेन्स २००९ पासून वापरात आहे आणि जुन्या बाजारातही सहज सापडते. कॅननच्या क्रॉप सेन्सरच्या डीएसएलआरसाठी २४ मिलिमीटर एफ/२.८ एसटीएम ही १२५ ग्रॅमची चपटी लेन्स आहे, जी ३८ मिलिमीटरच्या कोनाएवढे दाखवते; एफ/१.८ इतकी ती उघडत नसली तरी आपल्या घरांतल्या खोल्यांत ५० पेक्षा ती अधिक उपयोगी पडते.

चालत जाणे आणि झूम करणे एक नव्हे

‘पायांनी झूम करा’ असे प्राइमचे समर्थक सांगतात. हा सल्ला अर्धाच खरा आहे आणि त्याचा उरलेला अर्धा भाग नीट समजून घेतल्याशिवाय दोन्ही लेन्स नीट वापरता येत नाहीत. चौकटीतील वस्तू एकमेकांच्या तुलनेत किती मोठ्या-लहान दिसतील हे फक्त तुम्ही किती अंतरावर उभे आहात यावरून ठरते. फोकल लेंग्थ ठरवते ते त्या दृश्याचा किती भाग कापून घ्यायचा एवढेच.

येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवरायांचा भव्य पुतळा आणि मागे तटबंदी असे दृश्य आहे. पुतळ्याच्या जवळ जाऊन १८ मिलिमीटरवर फोटो घेतला तर पुतळा आभाळात चढलेला आणि तट मागे लहानसा सरकलेला दिसतो. बरेच मागे जाऊन १५० मिलिमीटरवर पुतळा चौकटीत तेवढाच मोठा आणला, तर तोच तट पुतळ्याच्या पाठीशी येऊन उभा राहतो. ही दोन वेगळी छायाचित्रे आहेत. प्राइम वापरणारा माणूस चौकट जुळवण्यासाठी पुढे-मागे होतो तेव्हा हे नाते त्याच्या नकळत बदलत जाते. झूम वापरणारा जागेवरूनच कडे फिरवतो तेव्हा नाते बदलत नाही, आणि तो ते बदलून पाहण्याचे कष्टही घेत नाही. योग्य पद्धत अशी, की आधी अंतर ठरवावे, म्हणजे चेहऱ्यामागे किंवा देवळामागे काय आणि किती मोठे दिसायला हवे हे उघड्या डोळ्यांनी पाहावे, त्या जागी उभे राहावे आणि मग फोकल लेंग्थ निवडावी. या पद्धतीने काम करणाऱ्यासाठी झूम हे फार चांगले साधन आहे. चेहऱ्यांच्या बाबतीत तर हे विसरूच नये: हातभर अंतरावरून घेतलेल्या चेहऱ्याचे नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात, मग लेन्स कोणतीही असो. दीड-दोन मीटर मागे राहूनच चेहरा घ्यावा, आणि त्या अंतरावरून चौकट भरण्यासाठी क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटर नेमकी पडते.

मांडवातील काम

लग्नाच्या छायाचित्रणात झूमला खरा पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. अंतरपाट धरलेला असतो, दोन्ही बाजूंचे मामा मागे उभे असतात, भटजी मंगलाष्टके म्हणत असतात, व्हिडिओवाल्याने समोरची जागा आधीच अडवलेली असते आणि मागे सगळे पाहुणे अक्षता घेऊन दाटलेले असतात. ‘सावधान’ झाले आणि अंतरपाट दूर झाला, की पहिल्या क्षणी वधू-वरांचे चेहरे हवेत, पुढच्या क्षणी हारांसकट दोघेही हवेत आणि लगेच अक्षतांच्या वर्षावासह सारा मंच हवा. या काही क्षणांत दोन पावले मागे सरकायला जागा नसते, आणि लेन्स बदलायला वेळ नसतो. येथे क्रॉप सेन्सरवर १७-५० किंवा फुल फ्रेमवर २४-७० या पल्ल्याची, सर्व फोकल लेंग्थवर एफ/२.८ कायम ठेवणारी झूम हवी. साध्या किट लेन्सवर १८ पासून ५५ पर्यंत कडे फिरवताना ॲपर्चर एफ/३.५ वरून एफ/५.६ वर घसरते, आणि मॅन्युअलवर, म्हणजे सगळे आकडे स्वतः ठरवून काम करत असाल तर त्याच मांडवातले पुढचे फोटो काळे पडतात. एफ/२.८ कायम ठेवणाऱ्या झूममध्ये ही अडचण येत नाही. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या अशा लेन्स कॅमेऱ्याच्या मूळ कंपन्यांच्या लेन्सपेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात आणि लग्नाच्या कामाला त्या पुरेशा आहेत.

प्राइमची जागा लग्नात वेगळी आहे. आदल्या संध्याकाळी अंगणात हळद लागते तेव्हा, नवरी खोलीत तयार होत असते तेव्हा, किंवा पाठवणीच्या वेळी दाराशी आई थांबलेली असते तेव्हा, प्रसंग सावकाश चालतो आणि माणसे तुम्हाला जवळ येऊ देतात. अशा वेळी ३५ किंवा ५० ची एफ/१.८ लेन्स फ्लॅशशिवाय काम करू देते, आणि फ्लॅश न उडवल्यामुळे माणसे आपापल्या भावनेत राहतात. मात्र एफ/१.८ वर स्पष्ट राहणारा पट्टा फारच अरुंद असतो हे लक्षात ठेवावे. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटरने दोन मीटरवरून फोटो घेतला तर पुढून मागेपर्यंत सुमारे ११ ते १२ सेंटिमीटरच स्पष्ट येतात, आणि एक मीटरवर हा पट्टा तीन सेंटिमीटरच्याही आत येतो. एका माणसाच्या डोळ्यांवर फोकस धरला तर हे चालते. दोन ओळींत उभ्या असलेल्या पाहुण्यांचा फोटो एफ/१.८ वर घेतला तर मागची ओळ पुसट येणारच. तेथे एफ/५.६ किंवा एफ/८ लावावा, आणि तेवढ्या ॲपर्चरला किट लेन्सही तेच काम करते.

रात्रीची मिरवणूक: सर्वांत अवघड निवड

बेळगावात तिथीनुसार वैशाखात होणाऱ्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ही लेन्सची खरी परीक्षा घेते, कारण येथे दोन्ही अटी एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. मारुती गल्ली किंवा रामदेव गल्लीसारख्या अरुंद वाटेवर दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती उभ्या असतात, म्हणून जागा तुमच्या हातात नसते आणि झूम हवीशी वाटते. रात्र असते, रथांवरील सजीव देखाव्यांवर एकीकडून प्रखर दिवे आणि दुसरीकडे गडद काळोख असतो, लेझीम आणि झांज पथके अखंड हलत असतात, म्हणून उजेड आणि वेग दोन्हींसाठी मोठे ॲपर्चर हवे असते.

समजा, लेझीम खेळणाऱ्या मुलाचे हात गोठवण्यासाठी १/२०० सेकंद हवा आहे आणि एफ/२.८ वर आयएसओ ३२०० ला फोटो बरोबर येतो. तोच फोटो किट लेन्सच्या एफ/५.६ वर घ्यायचा तर आयएसओ १२८०० लागतो, आणि जुन्या क्रॉप सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तेथे चेहऱ्यावर दाणे उमटतात, फेट्याचा भगवा मळकट होतो. एफ/१.८ च्या प्राइमवर आयएसओ साधारण १२५० पुरतो. एफ/२.८ ची झूम जवळ असेल तर तीच न्यावी. ती नसेल तर मी किट लेन्स घरी ठेवून ३५ ची प्राइम लावून जाईन, आणि जागेची अडचण आधीच सोडवीन: मिरवणूक जेथे वळते किंवा जेथे चौकात थोडा वेळ थांबते, अशा ठिकाणी संध्याकाळीच जाऊन, घरमालकाला विचारून एखाद्या ओट्यावर किंवा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत जागा धरावी, आणि ३५ मिलिमीटरच्या चौकटीत रथ कोठे आला की बसेल हे रिकाम्या रस्त्यावरच पाहून ठेवावे. प्राइमवर रात्रीच्या मिरवणुकीत काम करता येते ते या पूर्वतयारीच्या जोरावरच. आणखी एक गोष्ट म्हणजे लेन्समधील स्टॅबिलायझर येथे कामाचा नाही. तो तुमच्या हाताचा कंप आवरतो, लेझीम खेळणाऱ्या हाताचा नव्हे.

हाच स्टॅबिलायझर दुसऱ्या एका ठिकाणी मात्र चित्र पालटून टाकतो. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्तीत, १२०४ साली बांधलेल्या त्या जैन मंदिरात, छताला कोरलेले उमलते कमळ अंधूक उजेडात असते. अंधार आहे म्हणून प्राइम हवी, असे येथे वाटते. पण दगड हलत नाही. स्टॅबिलायझर असलेल्या किट लेन्सवर १८ मिलिमीटरला, खांबाजवळ पाठ टेकून आणि श्वास रोखून १/८ सेकंदाचे तीन-चार फोटो घेतले तर त्यांतला एखादा नक्की रेखीव निघतो. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत ट्रायपॉडसाठी आगाऊ परवानगी लागते, म्हणून ही युक्ती हाताशी असावी. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराच्या गाभाऱ्याकडे पाहतानाही हेच लागू पडते, फक्त आधी पुजाऱ्यांना विचारावे. तेव्हा ‘उजेड कमी’ एवढ्यावर निर्णय न करता ‘उजेड कमी आणि समोरचे हलते आहे का’ असा पूर्ण प्रश्न विचारावा. दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल तेव्हाच एफ/१.८ साठी पैसे खर्च करण्यात अर्थ आहे.

धबधबा, भंडारा आणि जंगल

दिवसाच्या उजेडातील निसर्गदृश्यांसाठी प्राइमचा मुद्दा जवळजवळ संपतो. घटप्रभेवरचा गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळतो, आणि पावसाळ्यात पाणी भरून आले की झुलत्या पुलाच्या बाजूने पाहावे की समोरच्या काठावरून, हे तुषार आणि वारा ठरवतात. तेथे एफ/८ वर काम होते, आणि एफ/८ वर साधी झूम व प्राइम यांच्या रेखीवपणातील फरक छापलेल्या फोटोत कोणालाही दिसणार नाही. प्राइम सरस ठरते ती ॲपर्चर पूर्ण उघडे असताना, विशेषतः चौकटीच्या कोपऱ्यांत. फोटो अस्पष्ट येण्याचे कारण लेन्सपेक्षा हाताचा कंप असण्याचीच शक्यता अधिक असते. स्टॅबिलायझर नसेल तर शटर स्पीडचा खालचा आकडा फोकल लेंग्थच्या दीडपटीहून कमी ठेवू नये, म्हणजे ५० मिलिमीटरला किमान १/८० सेकंद. पाण्याची धार रेशमासारखी हवी असेल तर ट्रायपॉड आणि एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लागतो. सगळ्या लेन्सच्या फिल्टरचा व्यास वेगवेगळा असतो, म्हणून सर्वांत मोठ्या व्यासाचा एकच फिल्टर घेऊन बाकीच्यांसाठी स्टेप-अप रिंग (लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारे कडे) वापरावी.

रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेत मात्र वेगळाच विचार करावा लागतो. भंडाऱ्याची उधळण सुरू झाली की हवाच पिवळी होते, आणि अशा ठिकाणी लेन्स काढून दुसरी लावणे म्हणजे सेन्सरवर हळद पाडून घेणे होय. ती सहजासहजी निघत नाही. जी लेन्स लावायची ती गाडीत किंवा घरातच लावावी आणि बाहेर पडेपर्यंत काढू नये. एकच कॅमेरा असेल तर या ठिकाणी झूमच न्यावी. पण झूममध्येही फरक आहे. १८-५५ सारख्या लेन्स कडे फिरवताना पुढे लांब होतात आणि हवेबरोबर बारीक धूळ आत ओढतात, ७०-२०० एफ/२.८ सारख्या अनेक लेन्सची लांबी बदलत नाही, त्यामुळे त्या अधिक सुरक्षित राहतात. लांब होणारी लेन्स असेल तर तिच्याभोवती प्लॅस्टिकची पिशवी रबर लावून बांधावी.

जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या बाजूला पक्षी किंवा शेकरू टिपायचे असतील तर फार चर्चेची गरज नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीने आणि ठरलेल्या वाटेनेच फिरायचे असते, प्राणी कोठे दिसेल हे तुमच्या हातात नसते, आणि मोठ्या फोकल लेंग्थच्या एफ/२.८ किंवा एफ/४ प्राइमची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची असते. ५५-२५० किंवा ७०-३०० ने सुरुवात करावी, आणि गोडी टिकली तर १५०-६०० कडे जावे. शेवटची लेन्स जवळजवळ दोन किलोची असते हे घेण्यापूर्वी दुकानात हातात धरून पाहावे. तालमीच्या आणि कुस्ती मैदानाच्या फोटोंनाही हाच न्याय लागू पडतो, कारण तेथे आखाड्याच्या कडेवरून पुढे जाता येत नाही.

तुमचेच जुने फोटो काय सांगतात

निर्णय करण्यापूर्वी घरबसल्या आणि फुकटात करता येण्यासारखी एक तपासणी आहे. प्रत्येक डिजिटल फोटोच्या फाइलमध्ये तो किती फोकल लेंग्थवर, किती ॲपर्चरवर आणि किती आयएसओवर घेतला याची नोंद असते. तुमच्या मनासारखे आलेले, कोणाला तरी द्यावेसे वाटलेले फोटो तेवढे वेगळे काढा आणि त्यांच्या फोकल लेंग्थ पाहा. डिजिकॅमसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये किंवा लाइटरूममध्ये हे पटकन करता येते. फोटो २८ ते ४० च्या दरम्यान गोळा झालेले असतील तर ३५ ची प्राइम तुम्हाला घरच्यासारखी वाटेल. ते पल्ल्यावर सगळीकडे विखुरलेले असतील तर तुम्ही झूमचे माणूस आहात आणि पैसे एफ/२.८ झूमसाठी साठवावेत. ते ५५ च्या टोकाला साचलेले असतील तर सावध राहा. याचा अर्थ तुम्हाला ५० आवडते असा होत नाही. बऱ्याचदा त्याचा अर्थ तुम्हाला आणखी पुढे जायचे होते आणि लेन्स संपली, असा असतो. अशा माणसाने ५० ची प्राइम न घेता ५५-२५० घ्यावी. त्याच फोटोंत आयएसओ पुन्हा पुन्हा ३२०० च्या वर गेलेला दिसत असेल तर पल्ल्याआधी ॲपर्चरचा प्रश्न सोडवावा.

यानंतर किट लेन्सचे कडे ३५ वर आणून त्यावर कागदी चिकटपट्टी लावावी आणि आठवडाभर तशीच वापरावी. शनिवारचा बाजार, घरचे जेवण, शाळेतून येणारी मुले, जे नेहमी टिपता तेच टिपावे. उजेडाचा फायदा या प्रयोगात मिळणार नाही, पण एकाच चौकटीत राहणे तुम्हाला जाचते की आवडते हे पैसे न घालवता कळते.

विकत घेताना

जुनी लेन्स घेण्यात काहीच गैर नाही, उलट प्राइमच्या बाबतीत तो उत्तम मार्ग आहे. पण माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा भाग) आणि मोटर आधी तपासा. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे एएफ ५० मिलिमीटर एफ/१.८ डी ही स्वस्त जुनी लेन्स त्यांवर लागते, मात्र फोकस हातानेच करावा लागतो. ऑटोफोकस हवा असेल तर स्वतःची मोटर असलेली, उदाहरणार्थ नावात एएफ-एस असलेली लेन्स घ्यावी. निकॉनच्या नव्या झेड कॅमेऱ्यांवर कंपनीचा अडॅप्टर लावूनही त्या जुन्या डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही. कॅननच्या ईएफ लेन्स मात्र आरएफ माउंटच्या कॅमेऱ्यांवर कंपनीच्या अडॅप्टरने ऑटोफोकससह चालतात.

खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील आणि एकूणच घाटाच्या बाजूच्या गावांत वापरलेल्या लेन्समध्ये बुरशी असण्याची शक्यता धरूनच पाहणी करावी. ॲपर्चर पूर्ण उघडून मागून मोबाइलचा टॉर्च मारावा आणि पुढून तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर किंमत कितीही कमी असो, ती लेन्स घेऊ नये. झूम असेल तर तोंड खाली धरून ती आपोआप लांब होते का, कडे मध्येच अडकते का हे पाहावे. मग भिंतीवर दैनिकाचे पान सपाट चिकटवून, कॅमेरा समोर सरळ धरून, सर्वांत मोठ्या ॲपर्चरवर फोटो घ्यावा आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून पाहावीत. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे. एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडलेली असेल तर आतले भिंग सरकलेले आहे. झूमसाठी ही चाचणी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन वेळा करावी, कारण झूममध्ये हालणारे भाग अधिक आणि बिघाडाच्या जागाही अधिक.

घेतल्यानंतर पावसाळ्यात लेन्स कपाटात चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवावी आणि डब्यात एक लहान आर्द्रतामापक टाकावा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. सिलिका जेलचे दाणे रंग बदलू लागले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा कोरडे करता येतात. मिरगापासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरावी, कारण न वापरलेल्या लेन्सवर बुरशी अधिक लवकर चढते.